दोन मापांच्या चपला

सौभाग्याचं लेणं कापायचं नसतं. ते बाईच्या देहाबरोबरच जातं. आमच्या घराण्याची ही रीत बाबा अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं ती दगडावर कोरलेली आहे आणि तो दगड आमच्या अंगणातच पुरलेला आहे. रीत किती जुनी, असं कुणी विचारलं की ते मराठी फौजेबरोबर जबलपुरात आलेल्या आमच्या पूर्वजापासून सुरुवात करत. बाबांच्या तोंडी हा पूर्वज सरदार असे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, घरातली जुनी कागदपत्रं थोडीफार चाळली आहेत. तो कारकून असावा. पण त्याच्या बायकोची जोडवी मात्र घरात होती. जाड, चांदीची, मासोळीच्या नक्षीची. सासूकडून सुनेकडे येत येत ती आईच्या पायांत आली होती.

यात एक अडचण आहे. सुवासिनी गेली तर जोडवी तिच्याबरोबर जाणार. म्हणजे पुढच्या सुनेला ती मिळायची, तर मागच्या सासूनं ती नवरा गेल्यावरच काढून ठेवलेली असणार. आमच्याकडे सौभाग्याची ही परंपरा पिढ्यान् पिढ्या विधवांनी चालवली होती. हे मला विशीतच लक्षात आलं होतं. बाबांना मी ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित पुढचं बरंच टळलं असतं, असं मला अधूनमधून वाटतं. मग वाटतं, नसतं टळलं.

आईचा डावा पाय मी कळता झाल्यापासून सुजलेला आहे. आधी ती सूज संध्याकाळी यायची आणि सकाळी जायची. मग ती जायची विसरली. घोट्याची खळगी बुजली, मग घोटाच दिसेनासा झाला, आणि माझी कॉलेजातली नोकरी पक्की झाली तोवर पाय गुडघ्याखाली सरळ खांबासारखा उतरत होता. घरात नुसतं ‘पाय’ म्हटलं की तो डावा. “आज पाय कसा आहे?” “पायाला तेल लावलं का?” उजव्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही.

या दुखण्याला फायलेरिया म्हणतात, मराठीत हत्तीपाय, आणि हिंदीत जवळजवळ तेच. आमच्याकडे त्याला वात म्हणत. बाबा मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मराठी मंडळाचे दोनदा अध्यक्ष. हत्तीपाय नाल्याकाठच्या लोकांना होतो, हे त्यांचं पक्कं मत होतं. नाला आमच्या घरामागून वाहतो, पण बाबांच्या मते आपण नाल्याकाठी राहत नव्हतो. नाला आपल्या पाठीशी राहत होता. फार रंगात आले तर ते म्हणत, की हे दुखणं आईनं माहेरून, वर्ध्याकडून आणलं.

“हो नं,” आई म्हणायची, “रुखवतात ठेवलं होतं. तुमच्या आईनं मोजून घेतलं.”

मी ग्रंथालयात बसून या रोगाबद्दल जे मिळेल ते वाचलं. घाण पाण्यावरचा साधा डास तो पसरवतो. एका चावण्यानं होत नाही, वर्षानुवर्षं शेकडो वेळा चावून घ्यावं लागतं. म्हणजे गरिबी नसली तरी चिकाटी लागते. दोऱ्यासारखे किडे शरीरातल्या पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत घर करतात, वर्षं काढतात, मरतात, आणि नळ्या बंद पडतात. मला सगळं माहीत होतं. माहिती असणं आणि काही करणं यांच्यात ग्रंथपालाला फारसा फरक वाटत नाही, हा आमच्या पेशाचा दोष आहे.

आईला बाहेर जायला आवडायचं. तिची एकच चैन होती: ब्लाउजचं कापड स्वतः घ्यायचं. साडीचा पदर पिशवीत घालून ती बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जायची, दुकानात ठाण उलगडायला लावायची, कापड उन्हात नेऊन पदराशी धरायची आणि म्हणायची, “भैया, ये मोरपंखी नहीं है, ये तो सड़ा हुआ हरा है.” तिथूनच ती चपला घ्यायची. डाव्या पायाला बायकांची कोणतीच चप्पल येईना, तेव्हा ती दोन जोड घेऊ लागली: एक सहा नंबरचा बायकांचा, एक दहा नंबरचा पुरुषांचा. एकातली उजवी वापरायची, दुसऱ्यातली डावी. उरलेल्या दोन माळ्यावर. माळ्यावर अशा कितीतरी कोऱ्या चपला साठल्या होत्या, सगळ्या एकेकट्या.

त्या चपलांनीच आम्हाला उघडं पाडलं.

सरकारनं हत्तीपायाच्या गोळ्या वाटायची मोहीम काढली, आणि आमच्या भागाचं उद्घाटन मराठी मंडळाच्या सभागृहात ठरलं. प्रमुख पाहुणे बाबा. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि या रोगाची लाज बाळगणं हाच खरा रोग आहे, असं वीस मिनिटं सांगितलं. बाबा घरात ‘काहून’ म्हणतात आणि मंडळात ‘का बरं’ म्हणतात. त्या दिवशी ‘किंनिमित्त’ म्हणाले. मग फोटोसाठी सगळ्यांसमोर गोळ्या गिळल्या. आई घरी होती. तिला आणायचं का, असं मी सकाळी विचारलं होतं.

“लोक काय म्हणतील?” बाबा म्हणाले. “तिला वात आहे.”

गोळ्या घ्यायला कोण आलं नाही याची यादी घेऊन तिसऱ्या दिवशी आरोग्याचं काम करणारी बाई दारात आली. मोहल्ल्यात तिला सगळे दीदी म्हणत. चाळिशीची, सिहोऱ्याकडची, आवाज दोन गल्ल्या ऐकू जाईल असा. बाबा बाहेर निघायच्या तयारीत उंबऱ्यातच होते. तिनं यादी पाहिली, मग खाली दाराशी सोडलेल्या दोन मापांच्या चपलांकडे पाहिलं.

“बाबूजी, ये चप्पल किसकी है?”

“एक मेरी है, एक इनकी,” बाबांनी गंभीरपणे सांगितलं.

दीदीनं बाबांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही पायांत चपला होत्या.

“तो आप तीन पैर के हैं?”

आतून आईचं हसणं ऐकू आलं. दीदी बाबांना ओलांडून आत गेली, आईसमोर जमिनीवर बसली, साडी वर करून पाय हातात घेतला. घरातल्या कुणीही तो पाय असा दिवसाउजेडी, दोन्ही हातांत घेतला नव्हता.

“अम्माजी, कितने साल से?”

“मुन्ना शाळेत जात होता तेव्हापासून,” आई मराठीत म्हणाली. दीदीला ते कळलं. मुन्ना म्हणजे मी.

दीदीनं बोटं एकेक करून उघडली. दुसऱ्या बोटात जोडवं रुतलं होतं. खालून आणि बाजूंनी मांस वर आलं होतं, वरून फक्त मासोळीची पाठ दिसत होती. आजूबाजूची कातडी ओली, पांढरी.

“ये निकलवाओ. पानी इसके नीचे बैठता है. यहीं से घाव होगा, यहीं से बुखार चढ़ेगा.”

“ते निघत नाही,” आई म्हणाली.

“तो कटवाओ.”

तेव्हा बाबांनी दारातून ती रीत सांगितली. फौजेपासून. दीदीनं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “अच्छा. सूबेदार साहब को इन्फेक्शन होता था कि नहीं?”

रक्त तपासणीचं पथक त्याच आठवड्यात रात्री दहानंतर आलं, कारण या किड्याची पिल्लं रात्रीच रक्तात फिरायला निघतात. बाबांनी सगळे दिवे बंद करून फक्त मागच्या खोलीतला ठेवला, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. सगळ्या घराच्या बोटांना सुया टोचल्या. अहवाल आला: कुणाच्याही रक्तात काही नाही. आईच्याही.

बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि दोन-तीन जणांना दाखवला. “मी म्हणत होतो नं. आपल्या घरात हे नाही.”

दीदीनं मला जिन्यात गाठून सांगितलं, “भैया, कीड़ा कब का मर गया. मरते-मरते नाली बंद कर गया. अब खून में क्या मिलेगा?” मला हे माहीत होतं. मी तेच पुस्तकातून वाचलेलं होतं. मी वर जाऊन ते बाबांना सांगितलं, आणि बाबा म्हणाले, “कागदावर काय लिहिलं आहे?” कागदाला मान देणं मला त्यांनीच शिकवलं होतं.

जोडव्याचा विषय तिथंच राहिला. पण दीदीनं एक निळा टब आणला, पाण्याचा मग, साबण, मऊ पंचा आणि मलम. सरकारकडून मिळतो हा संच. तिनं आईला शिकवलं: पाणी कोमट, गरम नाही. साबण हातावर आधी फेसायचा. घडीघडीतून बोट फिरवायचं, घासायचं नाही. पुसायचं नाही, टिपायचं. बोटांच्या मध्ये कापड घालून कोरडं करायचं. मग पाय उशीवर. रोज. सुट्टी नाही.

“अगं बाई,” आई म्हणाली, “एवढे लाड तर पोराचेही नाही केले.”

चैत्र ते श्रावण तिनं ते नेमानं केलं. आणि पाय उतरला. फार नाही, पण घडी मऊ झाली, वास गेला, वर्षातून चार-पाचदा हुडहुडी भरून ताप यायचा तो आला नाही. एका सकाळी तिला पायावर घोट्याच्या जागी किंचित खड्डा दिसला. तिनं मला हाक मारून दाखवला. “पाहून राहिला का? तुझ्या जन्माच्या वेळचा आहे हा.” पाय असाच राहिला तर दसऱ्याला ती स्वतः बड़ा फुहाऱ्याला जाणार होती, मोरपंखी कापड आणायला. तोपर्यंत मी आणत होतो, आणि मी आणलेलं प्रत्येक कापड ती नुसतं पाहायची आणि घडी घालून ठेवायची.

मग गणपती आले.

आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पूर्वी नर्मदेवर जायचं. आता बाबांना घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, आणि मंडळानं पर्यावरणावर एक व्याख्यान ठेवलं होतं. मूर्ती शाडूची होती, विसर्जन घरीच करायचं ठरलं. मी कॉलेजातून आलो तोवर आरती झाली होती. अंगणात, मधोमध, फुलं टाकून, हळदकुंकू वाहून ठेवलेला निळा टब. गणपती छातीपर्यंत विरघळले होते.

“बाबा, हा टब?”

“घासून घेतला आहे,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पाणी तुळशीला घातलं, माती कुंडीत गेली, टब उन्हात वाळला. आईनं तो उचलून देवघराखालच्या फळीवर ठेवला. त्या संध्याकाळी तिनं पाय धुतला नाही.

“आई?”

“त्याच्यात आता पाय कसा बुडवू रे? देव बुडाले त्याच्यात.”

“अगं, टब आहे तो.”

“तुला टब दिसून राहिला. मला ते दिसून राहिले.”

दुसरा टब मिळत नाही अशी वस्तू नव्हे. मी म्हणालो, उद्या आणतो. ही गोष्ट मी कशीही फिरवून पाहिली तरी याच वाक्यापाशी येतो. उद्या आणला नाही. कॉलेजात तपासणीला समिती येणार होती, पुस्तकांवर नव्यानं क्रमांक चिकटवायचे होते. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवी वस्तू आणायची नाही, बाबा म्हणाले, आणि मला ते सोयीचं पडलं. सगळ्या रीतींवर मी मनातल्या मनात हसत आलो आहे, आणि ज्या रीतीनं माझी एक चक्कर वाचत होती तिच्यावर मात्र माझा लगेच विश्वास बसला. आई न्हाणीघरात उभ्यानं तांब्याभर पाणी पायावर ओतून यायची. वाकता येत नव्हतं. बोटांमधलं पाणी तिथंच राहायचं, जोडव्याखाली.

नवरात्रात मी टब आणला. हिरवा. तोवर ती नीट चालत नव्हती.

अष्टमीच्या दुपारी तिला हुडहुडी भरली. पाय मांडीपर्यंत लाल आणि गरम. बाबा म्हणाले, मोसमाचा ताप आहे, सगळ्या गावात आहे. मी पाय दाखवला. बाबा म्हणाले, तापात वात वाढतोच. नवमी गेली. दसऱ्याला आई मला वेगळ्याच नावानं हाक मारू लागली. तिच्या भावाचं नाव होतं ते, लहानपणीच गेलेला भाऊ. मी दीदीला फोन केला. ती आली, पायाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली: “अभी के अभी.”

वॉर्डातल्या नर्सनं पहिली गोष्ट जोडव्याची सांगितली. बोट काळं पडलं होतं, शेजारचंही. जोडवं आधी काढा, मग डॉक्टर पाहतील काय वाचतं ते. तिनं कापायचं यंत्र लावून पाहिलं. चांदी जाड, वर मांस, ते बसेना. बाबा व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते फौजेपर्यंत गेले नाहीत. समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, “कापा म्हणावं.”

मी स्कूटर काढली आणि सराफ्यातून एका म्हाताऱ्या सोनाराला मागे बसवून आणलं. सगळ्या वाटेनं तो विचारत होता, “घाव में हाथ तो नहीं लगाना पड़ेगा?” वॉर्डात आल्यावर त्यानं चष्मा पुसला, नर्सनं दिलेले हातमोजे घातले, आणि कापायची कात्री काढायच्या आधी बोट उचलून खालून हात फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला.

“ये तो खुलती है,” तो म्हणाला.

बारीक चिमटा दोन्ही बाजूंनी मांसात सरकवून त्यानं तो हळूच फाकवला. जोडवं उघडलं. अर्धं मिनिट लागलं असेल. खालून ते जोडलेलं नव्हतंच. जुनी जोडवी तशीच असतात, तो म्हणाला, बोट वाढलं-घटलं तर सैल-घट्ट करता यावीत म्हणून. उजव्या पायातलं त्यानं नुसत्या अंगठ्यानं उघडलं.

“आपके यहाँ किसी ने नीचे से देखा नहीं?”

नव्हतं पाहिलं. सासवांच्या बोटांतून ती निघाली होती म्हणूनच ती आईच्या बोटात आली होती, आणि कशी निघाली असतील, हा एवढा प्रश्न घरातल्या कुणाला पडला नाही. मला तर त्याच्या शेजारचाच प्रश्न पडला होता. तिथून पुढे एक पाऊल टाकायचं राहिलं.

आई शुद्धीवर होती. तिनं पायाची बोटं हलवायचा प्रयत्न केला.

“किती हलकं वाटून राहिलं रे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटं काढली.

ती घरी आली. पायाची जखम भरायला फार दिवस लागले, आणि भरल्यावर पाय पहिल्यापेक्षा जाड झाला. घोट्याजवळचा तो खड्डा पुन्हा दिसला नाही. आता रोज संध्याकाळी मी हिरव्या टबात तिचा पाय धुतो: कोमट पाणी, हातावर फेस, टिपायचं, घासायचं नाही. मी ते अगदी बिनचूक करतो. डॉक्टर म्हणाले, पाय आहे तसा राहील. तसा म्हणजे कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. ती पलंगापासून खिडकीपर्यंत जाते. खिडकी नाल्याच्या बाजूची आहे. ब्लाउजचं कापड मी आणतो. आता ती घडी उलगडून पाहतही नाही, “बरं आहे” म्हणते. या दोन शब्दांनी मला जितकं खचवलं आहे तितकं वॉर्डातल्या कशानं खचवलं नाही.

बाबांनी ती जोडवी देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवली. एकदा उतरलेली जोडवी पुन्हा पायात घालत नाहीत, अशी आणखी एक रीत निघाली. मी वाद घातला नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका घरी येणार आणि सुवासिनीचा पाय मोकळा दिसणार, हे बाबांना सहन होईना. एका सकाळी कोट घालून म्हणाले, “चल, सराफ्यात जाऊन येऊ.”

दुकानदारानं मखमलीच्या ट्रेमध्ये जोडवी मांडली. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक उलटं करून खालून पाहिलं. सगळी खालून उघडी होती. त्यांनी एक निवडलं, साधं, हलकं, आणि बाजूला ठेवलं.

“बस, ये एक.”

“जोड़ी बाबूजी.”

“एक ही चाहिए. दाहिने पैर की.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहत होतो. बाबा ताठ उभे होते, मंडळाच्या व्यासपीठावर उभे राहायचे तसे. आता ते काहीतरी सांगतील असं मला वाटलं, घराण्याचं, रीतीचं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. दुकानदारानं दुसरं जोडवं उचलून पहिल्याशेजारी ठेवलं, दोन्ही गुलाबी कागदात गुंडाळली आणि आम्हाला समजावून सांगितलं, की जोडवी सुटी विकत नाहीत.